पात्यावर चीन, मुठीवर नागपूर: डब्यावर काय छापायचं?

नागपुरातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, पीलर आणि कात्र्या विकायचा त्यांचा नवा धंदा आहे. सुरीची पाती चीनमधून सुटी येतात, सागवानी मुठी हिंगण्याच्या एका वर्कशॉपमध्ये बसवल्या जातात, डबा घरीच भरला जातो. पीलर आणि कात्र्या मात्र तयारच येतात. प्रदर्शनात बाया सुरी हातात घेतात, वजन बघतात, खूश होतात. मग डबा उलटा करतात, 'चीन' वाचतात आणि हळूच परत ठेवतात. तर देशाचं नाव मागे बारीक टाकून समोर 'नागपूर' मोठं केलं तर चालेल का? मूठ इथे बसते म्हणून 'मेड इन इंडिया' छापता येईल का? आणि लोकांचा विश्वास खरंच त्या एका शब्दावर असतो का?

मी इतवारीत हार्डवेअर आणि किचनवेअरच्या ठोक धंद्यात तीस वर्षं काढली. अलीकडे छोट्या आयातदारांची लेबलं आणि कागदपत्रं बघून देतो. पहिल्या दोन प्रश्नांना 'नाही' म्हणून मोकळा झालो असतो, पण ताई, तेवढ्यानं तुमचा माल खपणार नाही. म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी पक्कडींचा लॉट उचलला. डबा देखणा होता. काळा-लाल-पिवळा पट्टा आणि त्यावर 'जर्मन टेक्नॉलॉजी'. माल कुठे बनला ते डब्यावर कुठेच नव्हतं आणि मीही विचारलं नाही. भाव बघितला, पट्टा बघितला, खूश झालो. काउंटरवर तो माल उडाला. दोन महिन्यांनी महाल भागातला एक इलेक्ट्रिशियन आला, माझं जुनं गिऱ्हाईक. खिशातून रुमाल काढला, काउंटरवर उलगडला. आत पक्कडीचा जबडा आणि बाकीची पक्कड, वेगवेगळी. म्हणाला, "काहून भाऊ, आता याच्यासाठी जर्मनीले जाऊ का?"

मी दुसरी पक्कड दिली. तो जाताना म्हणाला, "देश-बिश राहू द्या. बिलावर शिक्का मारून द्या तुमचा." नंतर मी बराच काळ त्या एका वाक्यावर धंदा केला, असं म्हटलं तरी चालेल. त्यानं डबा पहिल्यांदा घेतला तेव्हा त्याला पोलादातलं काही कळत होतं म्हणून घेतला नव्हता. पक्कडीचा जबडा किती कडक आहे हे काउंटरवर उभं राहून कोणालाच कळत नाही, मलाही नाही. जिथे डोळ्यांना आणि हाताला कळत नाही, तिथे माणूस काहीतरी आधार शोधतो. देशाचं नाव हा त्यातला सगळ्यात स्वस्त आधार आहे. छापलेलाच असतो, वाचायला पैसे पडत नाहीत.

गिऱ्हाईक देश कधी विचारतं आणि कधी विचारत नाही, ते दुकानात उभं राहून बघा. स्टीलचं पातेलं घेताना कोणी विचारत नाही. ते वाजवून बघतात, काठावर बोट फिरवतात, तराजूवर ठेवायला लावतात. तेच माणूस गॅसचा रेग्युलेटर, पाणी तापवायचा रॉड किंवा गाडीचं बेअरिंग घेताना पहिला प्रश्न टाकतं: "कुठला आहे?" बेअरिंग उघडून बघता येत नाही, आणि रॉडची चूक जिवावर बेतते. माल जितका बंद आणि जोखीम जितकी मोठी, तितकं देशाचं नाव जड होतं. आपल्याकडे तर देशाचीही गरज पडत नाही. कुलूप अलीगढचं, पान्हे जालंधरचे, काचेच्या बांगड्या फिरोजाबादच्या, आणि 'दिल्लीचा माल' म्हटलं की समजायचं डुप्लिकेट. यातलं शेवटचं दिल्लीवर अन्याय करणारं आहे, पण बाजार न्यायाधीश थोडाच आहे?

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. १९६५ साली रॉबर्ट स्कूलर नावाच्या अभ्यासकाने ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांपुढे फळांचा रस आणि कापडाचे नमुने ठेवले. नमुने एकच, फक्त देशाची चिठ्ठी वेगळी. एल साल्वादोर आणि कोस्टारिकाची चिठ्ठी असलेला माल मुलांना कमी प्रतीचा वाटला, स्वतःच्या देशाची आणि मेक्सिकोची चिठ्ठी असलेला बरा वाटला. रस तोच, जीभ तीच. या विषयावरचं पुढचं सगळं संशोधन तिथून सुरू झालं असं मानतात. मला त्यातली एक गोष्ट आवडते. मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं वाटलं.

उलटा नमुना बघायचा तर आपलं संत्रं घ्या. नागपूरकर संत्र्याला लेबल विचारत नाही. देठाकडे अंगठा खुपसतो, साल सैल सुटली आणि वास हाताला लागला की सौदा झाला. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला मात्र 'नागपुरी' हा शब्द लागतो. त्याच शब्दावर तिथल्या गाडीवर पंजाबचा किन्नू खपतो. किन्नू हा मुळात कॅलिफोर्नियात तयार केलेला संकर आहे. साल घट्ट, रंग गडद, बिया जास्त. आपल्याकडे दहा वर्षांचं पोरही फरक सांगेल. संत्र्याचे हंगाम दोन: आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याला जूनमध्ये 'आजच तोडलेली नागपुरी' कोणी विकू शकत नाही. नागपूर संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते चांगलंच झालं, पण त्याचा उपयोग इथल्या कळमना बाजारात कमी आणि हजार किलोमीटरवर जास्त. ज्याला माल ओळखता येतो त्याला चिठ्ठी नको असते.

इथेच एक घोळ मिटवून टाकू, कारण तुमच्या पत्रातही तो डोकावतो. भौगोलिक मानांकन म्हणजे त्या जागेमुळे मालात येणारा विशिष्ट गुण कायद्याने मान्य केलेला. 'मूळ देश' ही ओळ तसं काही सांगत नाही. ती फक्त जागा सांगते, प्रत नाही. प्रतीसाठी आयएसआय किंवा तत्सम खुणा आहेत. खेळण्यांचंच बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, ते देशी असो की परदेशी. लहान मूल खेळणं तोंडात घालतं तेव्हा ते कुठल्या देशाचं हे महत्त्वाचं नसतं, त्यात काय मिसळलंय ते असतं. पण गिऱ्हाईक या दोन गोष्टी एकच समजतं. आणि बारकोडबद्दलचा तो मेसेज तुम्हीही वाचला असेल, ८९० म्हणजे भारतीय आणि ६९० म्हणजे चिनी. तो चुकीचा आहे. बारकोडचे पहिले आकडे तो क्रमांक कुठल्या देशातल्या संस्थेने दिला तेवढंच सांगतात. तुम्ही इथे नोंदणी केली तर तुमच्या चिनी पीलरवरही ८९० येईल. त्याचा आडोसा घेऊ नका.

आता तुमच्या धंद्याचीच गोष्ट सांगतो, कारण देशाच्या लेबलाचा इतिहास सुऱ्या-कात्र्यांनीच लिहिलाय.

एकोणिसाव्या शतकात पोलादी पात्यांची राजधानी होती इंग्लंडमधलं शेफील्ड. जर्मनीतल्या झोलिंगेनचे काही कारखानदार स्वस्त माल काढायचे, कात्र्या बिडाच्या, आणि त्यावर बिनधास्त 'शेफील्ड' कोरायचे. आपल्याकडच्या 'दिल्लीच्या माला'सारखंच. शेफील्डवाल्यांनी आरडाओरडा केला आणि १८८७ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला: परदेशी मालावर इंग्रजी नाव-ठिकाणाचा भास होत असेल तर तो कुठे बनला ते लिहिलंच पाहिजे. हेतू साधा होता. 'मेड इन जर्मनी' वाचून इंग्रज गिऱ्हाईक नाक मुरडेल. काही वर्षं मुरडलंही. पण त्याच काळात जर्मन कारखाने सुधारत होते, आणि लोकांच्या लक्षात यायला लागलं की घरातली जी वस्तू टिकली, तिच्या तळाला हेच शब्द आहेत. लाज वाटावी म्हणून लावलेला शिक्का मिरवण्याचा झाला. पुढे झोलिंगेनला स्वतःचंच नाव जपायची वेळ आली. १९३८ पासून कायद्यानेच ते नाव बांधून घेतलंय. पात्याचं मुख्य काम त्या भागात झालं असेल तरच त्यावर झोलिंगेन लिहायचं. ज्यांनी दुसऱ्याचं गाव चोरलं, त्यांच्याच गावाला कुंपण घालावं लागलं.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. नाव सुधारायला त्यांनी नाव लपवलं नाही. लपवलं असतं तर चांगला माल कोणाचा हे गिऱ्हाइकाला कळलंच नसतं आणि श्रेय शेफील्डलाच गेलं असतं.

जपानचं तसंच. महायुद्धानंतर 'मेड इन जपान' म्हणजे दोन दिवसांत मोडणारं खेळणं. जपानने उसा (इंग्रजीत Usa) नावाचं गाव वसवलं आणि मालावर 'मेड इन यूएसए' छापलं, ही दंतकथा त्याच काळातली. गाव खरं आहे, पण ते शतकानुशतकं तिथेच आहे. (आपल्याकडे उल्हासनगरबद्दल असाच विनोद चालतो, आणि जरीपटक्यातले माझे सिंधी व्यापारी मित्र तो स्वतःच सांगतात.) नाव बदललं ते कारखान्यात. १९५० पासून डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकून तिथल्या इंजिनिअरांनी दर्जा-नियंत्रण अंगी बाणवलं.

कोरियाची कथा मात्र छोट्या धंदेवाल्याला जास्त उपयोगी आहे, कारण तिथे वीस वर्षं थांबायला वेळ नव्हता. अमेरिकेत ह्युंदाई गाड्यांची थट्टा व्हायची. १९९८ मध्ये कंपनीने जाहीर केलं: इंजिन आणि गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैल हमी. कोरियाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते वाटू द्या, बिघडलं तर आम्ही भरू. माझ्या इलेक्ट्रिशियनने बिलावर शिक्का मागितला होता, तोच हा शिक्का, फक्त मोठ्या कागदावर. गिऱ्हाईक देश विचारतं तेव्हा बऱ्याचदा त्याला भूगोल नको असतो. जबाबदार कोण, हे तो विचारत असतो. जर्मनी म्हणजे 'बहुधा बिघडणार नाही', आणि चायना माल म्हणजे 'चला तो चाँद तक, नहीं तो शाम तक'. हा अंदाज आहे, आणि दुसरी चांगली खात्री मिळाली की लोक तो बाजूला ठेवतात.

सगळेच ठेवत नाहीत, हेही सांगतो. २०२० च्या जूनमध्ये चीनच्या सीमेवरच्या गलवान खोऱ्यातल्या चकमकीच्या बातम्या आल्या तेव्हा बुर्डीपासून गांधीबागेपर्यंत एकच प्रश्न होता: "चायनाचा तर नाही ना?" माझ्या एका गिऱ्हाइकाने टॉर्च हातात घेऊन स्वच्छ सांगितलं, "माल चांगला आहे हे मला माहीत आहे भाऊ. तरी नको." याला प्रतीची शंका म्हणत नाहीत, हा राग आहे. चीनमधल्या नानजिंग शहरातल्या लोकांवर केलेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३७ च्या जपानी कत्तलीची आठवण बाळगणारे लोक जपानी माल टाळत होते, पण त्याला निकृष्ट म्हणत नव्हते. प्रत एका कप्प्यात, राग दुसऱ्या. तुमच्या प्रदर्शनात येणाऱ्यांपैकी काही याच कप्प्यातले असणार. त्यांना हमी देऊन, पोलाद समजावून उपयोग नाही आणि गरजही नाही. नमस्कार करा आणि सोडून द्या. पण सगळेच तसे नसतात याचा हिशेब देशाच्या आयातीत दिसतो. राग ताजा असतानाही चीनमधून आयात थांबली नाही, आणि पुढे वाढत २०२३-२४ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. बायांनी सुरी परत ठेवली, त्यातल्या निम्म्या रागावलेल्या नसून साशंक असतील असं मी अनुभवावरून धरून चालेन. साशंक गिऱ्हाइकाशी बोलता येतं.

आता कायदा, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांसाठी.

पीलर आणि कात्र्या तयार येतात, तिथे चर्चाच नाही. वैधमापन शास्त्राचे २०११ चे आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंचे नियम आहेत. त्यांत १ जानेवारी २०१८ पासून आयात मालाच्या पाकिटावर मूळ देश, किंवा तयार झाला अथवा जोडला गेला तो देश, लिहिणं बंधनकारक आहे. सोबत आयातदाराचं नाव-पत्ता, माल तयार झाल्याचा महिना-वर्ष, एमआरपी, नग किंवा वजन, आणि तक्रारीसाठी फोन, ईमेल. ऑनलाइन विकत असाल तर यातली बरीचशी माहिती, देशासकट, स्क्रीनवरही दिसली पाहिजे. ऑनलाइन विक्रीचे ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम जुलै २०२० मध्ये आले, त्यांतही देश आहेच. आणि ही माहिती ठळक आणि वाचता येईल अशी हवी, हे नियमातच आहे. म्हणजे राखाडी डब्यावर राखाडी अक्षरात 'चीन' लिहायची युक्ती तुमच्या आधी अनेकांना सुचून झालेली आहे.

सुरीचं प्रकरण जरा नाजूक. पाती तुम्ही सुटी, कच्चा माल म्हणून आणता, पाकीट इथे तयार होतं. त्यामुळे आयात पाकिटाचा नियम सुरीला थेट लागतो की नाही यावर वकील तासभर बोलू शकेल. पण 'मेड इन इंडिया' म्हटलं की गोष्ट बदलते. काय भारतात बनलं? आपल्याकडे दुकानातल्या मालासाठी अमुक टक्के म्हणजे भारतीय, असा एकच सरसकट आकडा नाही. सरकारी खरेदीत पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार व्हायला ५० टक्के स्थानिक मूल्य लागतं, पण तो नियम खरेदीपुरता. खाद्यपदार्थांच्या लेबलात तत्त्व जास्त स्पष्ट आहे: दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन पदार्थाचं मूळ स्वरूपच बदललं, तर तो दुसरा देश मूळ देश. हीच कसोटी सुरीला लावून बघा. मुठीशिवाय पातं कापतं का? कापतं, हात दुखेल एवढंच. पात्याशिवाय मूठ कापते का? सुरी ही सुरी होते ती पात्यामुळे. स्वित्झर्लंडने २०१७ पासून औद्योगिक मालाला 'स्विस' म्हणायला उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के वाटा तिथला हवा असं ठरवलं, तेही हाच वाद मिटवायला. तुमच्या खर्चात मुठीचा वाटा किती, ते तुम्हीच वहीत बघा.

शिवाय मालाच्या जागेबद्दल खोटं वर्णन करणं हा १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी त्याची शिक्षा. घाबरवायला सांगत नाही. चार डझन सुऱ्यांसाठी लगेच कोणी दारात येणार नाही. पण प्रतिस्पर्धी तक्रार करतो, हे मी अनेकदा बघितलंय. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आता बऱ्याच लोकांना पाठ आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी लपवणं महाग पडतं. 'चीन' वाचून बाई सुरी परत ठेवते, तेव्हा तुमची एक विक्री जाते. समोर 'नागपूर' मोठं वाचून ती घरी नेते, भाजी चिरताना डबा उलटा होतो, मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'चीन' दिसतं, तेव्हा काय जातं? धार कितीही चांगली असली तरी यापुढे तिला ती चिनीच लागणार, आणि तुम्ही लबाड. माझी जर्मन पट्टेवाली पक्कड आठवा. कुठल्याही साध्या देशी डब्यातली तीच पक्कड मोडली असती, तर त्यानं बदलून घेतली असती आणि विसरला असता. पट्ट्यामुळे ते फसवणुकीच्या खात्यात गेलं.

परदेशी थाटाची नावं हा याचाच नातेवाईक प्रकार आहे. शर्टाला फ्रेंच राजाचं नाव, चपलेला इटालियन. मी त्यावर नाक मुरडत नाही, आपल्या गावातच त्याची जुनी परंपरा आहे. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात गिरणी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली आणि गिरणी 'एम्प्रेस' झाली. कापूस इथला, मजूर इथले, नाव विलायती. उलट 'बाटा' घ्या. कंपनी मूळची आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिनची, पण आपल्या आजोबांना ती आपलीच वाटायची, कारण बूट कोलकात्याजवळच्या बाटानगरात बनत आणि दुकान गल्लीच्या तोंडाशी असे. नाव हा थाट असतो, तो लोक समजून घेतात. जागेचं विधान वेगळं. ते खोटं निघालं की माफी नाही.

तर डबा कसा करायचा? माझा सल्ला असा, आणि हा मी दुकानात करून बघितलेला आहे. एकदा मी एकाच लॉटचे पीलर दोन पुठ्ठ्यांवर लावले. एका पुठ्ठ्यावर नियमाप्रमाणे सगळी माहिती. दुसऱ्यावर तीच माहिती, देश तितकाच मोठा, आणि खाली एक ओळ: 'पातं सैल झालं तर या पत्त्यावर आणा, बदलून मिळेल.' दुसरा ढीग आधी संपला. हा काही अभ्यास नव्हे, एका काउंटरची गंमत. बदलून न्यायला आले किती? बोटांवर मोजण्याइतके.

तुमच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे धार. सुरी कुठल्याही देशाची असो, सहा-आठ महिन्यांत बोथट होतेच, आणि सायकलवरचा धारवाला आता गल्लीत रोज येत नाही. हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये पट्टा-ग्राइंडर असेलच. पहिलं वर्षभर धार फुकट लावून द्या. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तुमच्या दारात येईल, आणि प्रत्येक खेपेला त्याला पीलर दिसेल.

दुसरं, पोलादाचा प्रकार छापा. चिनी पुरवठादाराला लेखी विचारा. घरगुती चांगल्या सुऱ्यांना तिथे बहुधा '५सीआर१५एमओव्ही' नावाचं पोलाद असतं. सुमारे अर्धा टक्का कार्बन, पंधरा टक्के क्रोमियम. प्रसिद्ध जर्मन सुऱ्या ज्या 'एक्स५०सीआरएमओव्ही१५' पोलादाच्या असतात, त्यातही प्रमाण जवळपास हेच. फरक पडतो तो पाणी देण्यात, म्हणजे तापवून कडक करण्यात, आणि घासण्यात. '३सीआर१३' निघालं तर ते मऊ, लवकर बोथट होणारं, मग भाव तसा ठेवा आणि फुकट धारेच्या हमीवर जरा विचार करा. हे प्रत्येक बाईला कळणार नाही. पण दहांतल्या एकीच्या घरी इंजिनिअर मुलगा असतो. तो फोनवर शोधतो आणि आईला सांगतो, "हं, ठीक आहे."

आणि डब्यावरची ओळ. मी असा मसुदा करेन, डब्याच्या समोरच्या बाजूला, सगळं एकाच आकारात:

पातं: चीन. मूठ, जोडणी आणि धार: नागपूर. धार गेली तर वर्षभर फुकट लावून मिळेल.

मागच्या बाजूला बाकी नियमाची माहिती आणि फोन नंबर. पीलर-कात्र्यांवर 'मूळ देश: चीन' साध्या, ठळक अक्षरात. देवनागरीत छापलं तर आपल्या बायका चष्मा न शोधता वाचतील. लेबलं माल यायच्या आधीच छापून ठेवा. आयात पाकिटावर ती कस्टममधून माल सुटण्याआधी लागलेली हवीत. माझा पहिला कंटेनर अजनीच्या डेपोत अडकला होता तो एवढ्याचसाठी, आणि आम्ही चार माणसं बाँडेड, म्हणजे कस्टमच्या ताब्यातल्या, गोदामात बसून दोन दिवस चिकटवत होतो. मे महिना होता.

प्रदर्शनात 'चीन' लपवायच्या ऐवजी तुम्हीच आधी बोला. टेबलावर एक टमाटर ठेवा, पिकलेलं. सुरी हातात द्या आणि म्हणा, "पातं चीनचं आहे ताई, मूठ आमची. कापून बघा." हातात सुरी आणि समोर टमाटर असलं की डबा उलटायची आठवण होत नाही. झालीच, तर त्यात नवीन काही सापडत नाही. आणि डब्यावरचा तो फोन नंबर तुमचाच ठेवा, नवऱ्याचा नको. प्रदर्शनात ज्यांनी तुम्हाला बघितलंय त्यांना तोच आवाज ऐकायचा असतो.